न्यू इंग्लिश स्कूलची पहिली दहा वर्षे

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात बुधवार पेठेतल्या मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलातली नोकरी सोडून आलेले 'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री चिपळूणकर, वकिलीची परीक्षा झालेले तेविशीतले बाळ गंगाधर टिळक आणि धडपडे माधवराव नामजोशी हे या शाळेचे आरंभीचे कर्ते. शिक्षण सरकारच्या हातून काढून लोकांच्या हाती द्यायचे आणि ते स्वस्त करायचे, हा त्यांचा हेतू होता. लवकरच वामन शिवराम आपटे मुख्याध्यापक म्हणून आले, आणि एम. ए. होताच १८८१ मध्ये गोपाळ गणेश आगरकरही. त्याच वर्षी जानेवारीत याच मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' काढले. दिवसा वर्ग आणि रात्री वृत्तपत्र, असा दिनक्रम पडला.

शाळा मुलांची आणि दिवसाची होती. वसतिगृह नव्हते. पुण्यातली मुले घरून येत. कोकणातून आणि देशावरून आलेली गरीब ब्राह्मण मुले एखाद्या वाड्यात खोली घेऊन राहत, माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एखाद्या वाराचे घर सुटले, तर त्या दिवशीच्या जेवणाची पंचाईत. अशा मुलाला मॅट्रिक होणे म्हणजे नोकरीचे दार उघडणे वाटे, म्हणून कमी फीची शाळा त्याला मोठा आधार होती. मात्र हा आधार मुख्यतः ब्राह्मण मुलांपर्यंतच पोचला, हेही नोंदवायलाच हवे. मुलींना तर इथे जागाच नव्हती. त्यांच्यासाठी पुण्यात १८८४ मध्ये हुजूरपागेची वेगळी शाळा निघाली, तीही टिळकांच्या विरोधाला तोंड देत.

अध्यापनाची कीर्ती शिक्षकांमुळे झाली. टिळक गणित शिकवताना लांबलचक उदाहरणे तोंडीच सोडवत. फळ्यावर फारसे काही लिहीत नसत. हुशार मुले रंगून जात, कच्ची मागे पडत. आपट्यांची शिस्त कडक होती. संस्कृत रचनेवरचे त्यांचे पुस्तक आणि त्यांचे कोश पुढे देशभर वापरले गेले. पहिल्या काही वर्षांतच इथल्या मुलांनी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. १८८२ मध्ये शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी शाळा पाहून तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्याच वर्षी मार्चमध्ये चिपळूणकर वारले, आणि वृत्तपत्रातल्या मजकुरावरून झालेल्या कोल्हापूर बदनामी खटल्यात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तरी शाळा बंद पडली नाही.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. आजीव सदस्यांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षे सेवा करायची, असा दंडक होता. शाळा उभी राहिली ती याच त्यागावर, आणि भांडण पेटले तेही त्याच्याच अर्थावरून. आजीव सदस्याने बाहेरची कामे आणि मिळकत टाळून सगळा वेळ संस्थेला द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. आगरकर आणि शाळेत शिकवायला आलेले गोपाळ कृष्ण गोखले यांना तो टोकाचा वाटे. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, तेव्हा वाद विकोपाला गेला आणि टिळकांनी राजीनामा दिला. संस्थापकांपैकी एक बाहेर पडला, तरी शाळा चालू राहिली; पुण्यातल्याच नाना वाड्यातही तिचे वर्ग भरले, आणि टिळक रस्ता व रमणबाग येथे सोसायटीच्या शाळा आजही तेच नाव चालवतात.