आज्ञावलीचे मोल

विद्या द्यावी, विकू नये, हा विचार आपल्याकडे जुना आहे. आणि आधी पोटोबा, मग विठोबा, ही म्हणही जुनीच. या दोहोंची गाठ संगणकाच्या इतिहासात पडली, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

आरंभीच्या काळी आज्ञावलीला, म्हणजे आपण ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो त्याला, निराळी किंमत बहुधा नसे. ती यंत्राबरोबर येई. गरजवंत ती सुधारून घेई व दुसऱ्यालाही देई. १९६९ साली आयबीएमने यंत्र आणि आज्ञावली यांचे मोल वेगळे लावण्याचे जाहीर केले, आणि आज्ञावली बाजाराच्या वाटेला लागली.

वादाला तोंड फुटले ते १९७६ च्या फेब्रुवारीत. वीस वर्षांच्या बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ यंत्रासाठी त्याने व त्याच्या सोबत्यांनी ‘बेसिक’ रचली होती, आणि तिच्या नकला हातोहात वाटल्या जात होत्या. यंत्र घेणाऱ्यांत दहा टक्क्यांनीही ती विकत घेतलेली नाही, आमच्या श्रमांचे तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, असे त्याचे गाऱ्हाणे होते. पत्राने पुष्कळांना राग आला. परंतु गाऱ्हाणे खोटे म्हणता येत नव्हते.

दुसऱ्या पक्षाचा कैवारी रिचर्ड स्टॉलमन. १९८३ साली त्याने ‘ग्नू’चा संकल्प सोडला आणि १९८४ च्या जानेवारीत एमआयटीतील नोकरी सोडली, आपल्या कामावर संस्थेने हक्क सांगू नये, हा हेतू. मग खावे काय? त्याने आपल्या ‘ईमॅक्स’ची फीत दीडशे डॉलरांना विकली. घेणाऱ्याला ती वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक होती. स्वातंत्र्य आणि फुकटेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या व्यवहाराने दाखविले.

पुढे हाच मार्ग ‘रेड हॅट’ने धरला. आज्ञावली खुली, मोल देखभालीचे. २०१९ साली ती कंपनी चौतीस अब्ज डॉलरांना घेतली कोणी, तर त्याच आयबीएमने!

पण चित्राला दुसरी बाजू आहे. २०१४ साली ‘ओपनएसएसएल’मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता या आज्ञावलीवर विसंबून होती, आणि तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर! धनाढ्य कंपन्या तिच्यावर व्यापार करीत होत्या. राखणदाराला विचारीत कोणी नव्हते.

म्हणून आदर्श हरला असे म्हणणे चूक ठरेल. विहीर सर्वांना खुली असावी, हे योग्यच; परंतु गाळ उपसणाऱ्याच्या भाकरीची सोय पाणी पिणाऱ्यांनीच केली पाहिजे.