एका डॉलरचं तिकीट : वॅटस्टॅक्स, १९७२

एप्रिल जवळ आला की आपल्याच माणसांकडून एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : बाबासाहेबांनी वाचायला सांगितलं आणि तुम्ही नाचताय. वस्तीतून फ्लॅटमध्ये गेलेला माणूस ते जरा जास्तच जोरात म्हणतो. त्यावर पोरं म्हणतात, वर्षातून एक रात्र आमची आहे, तीसुद्धा काढून घेणार का? हा वाद दरवर्षी इथेच अडकतो. नाचावं की वाचावं, यावर मला काही म्हणायचं नाही. आपली माणसं दोन्ही करत आलेली आहेत. मला विचारायचं आहे ते वेगळंच. त्या रात्रीचं स्टेज कुणाच्या पैशावर उभं राहिलं? गेटवर कोण होतं? कॅमेरा कुणाच्या हातात होता? आणि दुसऱ्या दिवशी ते गाणं कुणाच्या मालकीचं झालं?

हे चारही प्रश्न २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियम स्टेडियममध्ये एकदम समोर आले होते. त्या दिवशीच्या कॉन्सर्टचं नाव वॅटस्टॅक्स. वॅट्स ही शहरातली कृष्णवर्णीयांची वस्ती आणि स्टॅक्स ही मेम्फिसची रेकॉर्ड कंपनी, या दोन नावांचा जोड. तेव्हाचे ताज्या दमाचे सोल आणि फंक कलावंत एका स्टेजवर होते आणि समोर लाखाच्या आसपास लोक, बहुसंख्य कृष्णवर्णीय.

पण आधी वॅट्समध्ये काय घडलं होतं ते पाहू. ११ ऑगस्ट १९६५च्या संध्याकाळी वाहतूक पोलिसांनी मार्क्वेट फ्राय या २१ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवली. झटापट झाली, गर्दी जमली आणि पुढचे सहा दिवस वस्ती पेटलेली होती. ३४ माणसं मेली, हजाराहून जास्त जखमी झाली, साडेतीन हजारांच्या आसपास लोकांना अटक झाली. वर्तमानपत्रांनी त्याला 'दंगल' म्हटलं. वस्तीतले लोक 'उठाव' म्हणत. (आपल्याकडे गावाने बौद्धवाडा जाळला तरी बातमीत 'दोन गटांत हाणामारी' येते, त्यामुळे हा शब्दांचा खेळ आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.) मूळ कारण गाडी अडवणं एवढंच नव्हतं. घर देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्नियात १९६३ साली झाला होता. दुसऱ्याच वर्षी, नोव्हेंबर १९६४मध्ये, तिथल्या मतदारांनी सार्वमत घेऊन तो मोठ्या बहुमताने रद्द केला. म्हणजे 'आम्ही तुम्हाला घर देणार नाही' हे मतपेटीतून सांगितलं. आडनाव विचारून 'भाड्याने द्यायचं नाहीये आता' असं ऐकून परतलेल्या आपल्या पोरांना त्या ऑगस्टचा राग परका वाटू नये. सुप्रीम कोर्टाने ते सार्वमत १९६७ साली घटनाबाह्य ठरवलं, पण तोवर वॅट्स जळून गेलं होतं.

१९६६पासून त्या उठावाच्या आठवणीत वॅट्समध्ये उन्हाळी महोत्सव सुरू झाला. वॅटस्टॅक्स हा त्याच्या सातव्या वर्षाचा कार्यक्रम.

आता स्टॅक्स. ही कंपनी सुरू करणारे जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन हे दोघेही गोरे. मेम्फिसमधल्या एका जुन्या सिनेमा थिएटरात त्यांचा स्टुडिओ होता. आजूबाजूची वस्ती कृष्णवर्णीयांची होत गेली आणि त्याच गल्लीतली पोरं येऊन गाऊ-वाजवू लागली. चर्चमधलं भक्तिगीत आणि कष्टकऱ्यांचं ब्लूज यांच्या मिश्रणातून जे उभं राहिलं ते सोल. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, आपल्या जलशातल्या झीलकऱ्यांसारखी. फंक त्याचा पुढचा अवतार. त्यात सुरापेक्षा ठेका मोठा, आणि सगळा जोर आपल्या समेसारखा पहिल्या मात्रेवर. अंग हललंच पाहिजे अशी त्याची रचनाच आहे.

१९६८ साली या कंपनीच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या रेकॉर्ड देशभर विकण्याचं काम न्यूयॉर्कची अटलांटिक ही बडी कंपनी करायची. सुरुवातीला सगळं तोंडी होतं. १९६५ साली लेखी करार झाला, तो जिम स्टुअर्ट यांनी नीट न वाचताच सही केला. अटलांटिक दुसऱ्या कंपनीला विकली गेली तेव्हा कळलं, की आजवर वितरित झालेल्या सगळ्या गाण्यांच्या मूळ टेप, ज्यांना मास्टर म्हणतात, त्या अटलांटिकच्या मालकीच्या आहेत. ओटिस रेडिंगचा आवाजसुद्धा त्यात गेला. तो स्वतः १० डिसेंबर १९६७ला विमान अपघातात गेला होता, वयाच्या २६व्या वर्षी. स्टुअर्ट आधी बँकेत नोकरी करायचे, ही त्यातली आणखी एक गंमत. बँकेतल्या माणसाने न वाचता केलेल्या सहीची किंमत गाणाऱ्यांनी मोजली.

त्याच वर्षी, त्याच मेम्फिस शहरात १३०० सफाई कामगारांचा संप चालू होता. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले, त्यातून तो पेटला. कामगारांच्या हातातल्या फलकांवर एवढंच होतं : 'मी माणूस आहे.' डॉ. मार्टिन ल्यूथर किंग या संपासाठीच मेम्फिसला आले होते आणि ४ एप्रिल १९६८ला तिथल्या लोरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घातली गेली. स्टॅक्सचे गीतकार-वादक उठता-बसता जात ते हेच मोटेल. गटारात गुदमरून मेलेल्या आपल्या सफाई कामगारांची यादी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा संप किंग यांच्या चरित्रातलं शेवटचं पान म्हणून सोडून देऊ नये.

मास्टर गमावलेली कंपनी पुन्हा शून्यातून उभी केली ती अल बेल या कृष्णवर्णीय भागीदाराने. १९६९ साली त्याने एका झपाट्यात २७ अल्बम काढले. १९७२पर्यंत स्टॅक्स पुन्हा जोरात होती.

आणि मग तो ऑगस्ट. तिकीट फक्त एक डॉलर, म्हणजे कामावरून घरी आलेल्या बाईला पोराबाळांसकट येता यावं. कलावंतांनी मानधन घेतलं नाही. उत्पन्न वॅट्सचा महोत्सव, सिकल सेल आजारासाठीचं काम आणि वस्तीतलं नवं मार्टिन ल्यूथर किंग हॉस्पिटल यांच्यासाठी होतं. स्टेडियमच्या आतली सुरक्षा कृष्णवर्णीय आणि निःशस्त्र असेल, हा आयोजकांचा आग्रह. सात वर्षांपूर्वी ज्या शहरात सैन्य उतरवलं होतं, तिथे लाखभर लोक जमले आणि दिवस शांततेत पार पडला.

सुरुवातीला किम वेस्टन यांनी अमेरिकेचं राष्ट्रगीत गायलं. प्रेक्षकांतले बहुतेक लोक बसून राहिले. त्यानंतर 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' सुरू झालं, जे कृष्णवर्णीय समाज आपलं राष्ट्रगीत मानतो, आणि स्टेडियम उभं राहिलं, मुठी वर गेल्या. ही तारीख लक्षात ठेवा. पाचच दिवस आधी, १५ ऑगस्ट १९७२ला, 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख छापून आला होता. झेंड्याच्या अपमानाला जेवढी शिक्षा, तेवढीही दलित स्त्रीच्या अपमानाला नाही, मग हा झेंडा कुणाचा, असा त्यातला सवाल. महाराष्ट्र खवळला. दलित पँथर तेव्हा जेमतेम अडीच-तीन महिन्यांची होती. मुंबई आणि लॉस एंजेलिसमध्ये कुणी कुणाला पत्र लिहून हे ठरवलं नव्हतं. नाव मात्र आपण त्यांच्याच पँथरकडून घेतलं होतं. ज्यांना देशभक्तीची परीक्षा रोज द्यावी लागते ती माणसं दोन खंडांत एकाच आठवड्यात सारखीच वागली, यावर समाजशास्त्राच्या वर्गात एक आख्खं सत्र घेता येईल.

तीस वर्षांचे जेसी जॅक्सन माइकवर आले आणि त्यांनी लोकांकडून एक प्रतिज्ञा वदवून घेतली. गरीब असलो, सरकारी मदतीवर असलो, तरी माणूस म्हणून माझी किंमत आहे, असा तिचा आशय. एक ओळ त्यांची, एक ओळ लाख लोकांची. २२ प्रतिज्ञा ज्यांनी गर्दीत उभं राहून म्हटल्यात त्यांना ती लय कळेल.

मला स्वतःला त्या दिवसातला सगळ्यात राजकीय प्रसंग वाटतो तो मात्र विनोदी आहे. ५५ वर्षांचे रूफस थॉमस गुलाबी अर्ध्या चड्डीत, उंच बूट घालून नाचायला आले. 'फंकी चिकन' सुरू होताच लोक कुंपणावरून उड्या टाकून मैदानात उतरले. मैदान मोकळं ठेवणं बंधनकारक होतं. अशा वेळी काय होतं ते आपण जयंतीच्या मिरवणुकीत पाहिलेलं आहे : लाठी, धावाधाव, दुसऱ्या दिवशी गुन्हे. रूफस थॉमस यांनी नुसत्या बोलण्यावर, चिडवत, हसवत, हजारो लोकांना परत जागेवर बसवलं. एक छत्रीवाला हट्टाने मैदानात फिरत राहिला, तर त्याची अशी खिल्ली उडवली की लोकांनीच त्याला बाहेर नेलं. आपली गर्दी सांभाळायला पोलीसच लागतात, हा समज लाखभर लोकांनी हसत-हसत खोडून काढला.

शेवट आयझॅक हेज. टेनेसीतल्या गरीब शेतमजूर घरातलं पोर, आजी-आजोबांनी वाढवलेलं, लहानपणी कापूस वेचलेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'शाफ्ट' चित्रपटाच्या गाण्यासाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं आणि २० ऑगस्टला त्याचा तिसावा वाढदिवस होता. अंगात सदरा नाही, सोन्याच्या साखळ्यांचं जाकीट. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांत विकलं त्यांच्यासमोर तो साखळ्या दागिन्यासारख्या मिरवत उभा राहिला आणि त्याने 'शाफ्ट'चं गाणं वाजवलं.

कॉन्सर्टचा चित्रपट फेब्रुवारी १९७३मध्ये आला. त्यात हे गाणं नव्हतं. कारण ते एमजीएम या चित्रपट कंपनीच्या ताब्यात होतं. हेजला पुन्हा बोलावून, स्टुडिओत कोलिझियमसारखा देखावा उभारून दुसरंच गाणं चित्रित करावं लागलं. स्वतःचं गाणं, स्वतःच्या लोकांसमोर, स्वतःच्या वाढदिवशी गायलेलं, आणि ते दाखवायची परवानगी दुसऱ्याकडे! मूळ गाणं चित्रपटात परत आलं २००३ साली.

बाकीचा हिशेबही सरळ नव्हता. प्रायोजक होती श्लिट्झ ही बिअर कंपनी. अल बेल यांनी चित्रपटासाठी कृष्णवर्णीय तंत्रज्ञ घेण्याचा आग्रह धरला आणि तो बराचसा पाळला गेला, पण दिग्दर्शक मेल स्टुअर्ट गोरे होते आणि वितरण हॉलिवूडच्या कोलंबिया पिक्चर्सकडे होतं. त्याच वर्षी अल बेल यांनी जिम स्टुअर्टचा वाटा विकत घेतला, तोही सीबीएस या बड्या कंपनीच्या पैशावर. मोबदल्यात वितरण सीबीएसकडे. दुकानांत माल पुरेसा पोचेना, कर्ज वाढत गेलं. डिसेंबर १९७५मध्ये बँकेच्या तगाद्यात स्टॅक्स दिवाळखोरीत निघाली. अल बेल यांच्यावर बँक फसवणुकीचा खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले, पण कंपनी परत मिळाली नाही. १९७६ साली आयझॅक हेजही दिवाळखोर झाला आणि स्वतः लिहिलेल्या गाण्यांच्या पुढच्या रॉयल्टीवरचा हक्क गमावून बसला. तो जुना स्टुडिओ १९८९मध्ये पाडला. आता त्या जागी संग्रहालय आहे.

म्हणजे गेट आपलं होतं, स्टेज आपलं होतं, गर्दी आपली होती. वितरण आणि कर्ज दुसऱ्याचं होतं, आणि कंपनी बुडाली ती तिथूनच. यावरून 'काळा भांडवलदार झाला की मुक्ती' म्हणणारेही उताणे पडतात आणि 'पैशाचं बोलू नका, चळवळ पवित्र आहे' म्हणणारेही.

आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गाण्यापर्यंत मोठा ठेवा आहे. तो आधी वहीत राहिला, मग कॅसेटवर गेला, आता मोबाइलवर आहे. कार्यक्रमाच्या बॅनरवर नगरसेवकाचा फोटो हातभर आणि गीतकाराचं नाव कुठेच नाही, हे चित्र कुठल्याही शहरात पाहा. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गाणं ध्वनिमुद्रित होऊन विकलं गेलं तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा शाबूत राहतो. तो कायदेशीर वारस किंवा रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेशिवाय कुणाला लिहून देता येत नाही. चार ओळींच्या कागदावर सही करून आलेला आपला शाहीर हे जाणत नाही. या जयंतीला मंडळाच्या बैठकीत डीजेच्या वॅटवर तासभर चर्चा होईल. त्यातली दहा मिनिटं त्या कागदावर घालवा : रेकॉर्डिंग कोण करणार, चॅनल कुणाचं, पैसे आले तर कुणाला किती, आणि गाणं लिहिणाऱ्या म्हाताऱ्याचं बँक खातं कुणी उघडून दिलंय का.