दुकानदार सरकार : मद्याच्या सरकारी विक्रीचा इतिहास



दारूचे दुकान सरकारने चालवावे काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नैतिक आवेशाने विचारला जातो. इतिहास त्याला निराळे वळण देतो. दुकान कोणाच्या मालकीचे, यापेक्षा खप वाढण्याची ओढ कोणाला, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

या प्रयोगाचे माहेरघर स्वीडन. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे घरोघरी मद्य गाळले जाई. १८५५ च्या कायद्याने त्यास आळा बसला. तत्पूर्वी १८५० मध्ये फालून या खाणींच्या गावी, आणि पुढे १८६५ मध्ये गोथेनबर्ग बंदरात, मद्यविक्री एका नियंत्रित कंपनीकडे सोपविण्यात आली. भागधारकांना मर्यादित लाभांश मिळावा आणि वरचा नफा लोकोपयोगी कामी लागावा, असे तिचे तत्त्व होते. विक्रेत्याला अधिक खपविण्याचा मोह उरू नये, हा हेतू. परंतु मोह नाहीसा झाला नाही, त्याने केवळ घर बदलले. नगराच्या तिजोरीलाच खपाची गोडी लागते, असा आक्षेप दारूबंदीवाद्यांनी घेतला, आणि तो निराधार नव्हता.

पुढे इव्हान ब्रात या वैद्याने दुसरा उपाय योजला. १९१४ पासून स्टॉकहोममध्ये ग्राहकाच्या नावे शिधापुस्तिका आली व तीत प्रत्येक खरेदीची नोंद होऊ लागली. विवाहित स्त्रियांना ती सहसा मिळत नसे. १९२२ च्या सार्वमतात संपूर्ण दारूबंदी थोडक्या मतांनी फेटाळली गेली. स्त्रियांची मते वेगळी मोजली होती, त्यांत बंदीच्या बाजूने बहुमत होते. संसाराची झळ कोणास लागत होती, हे त्यावरून उमगते.

१९५५ मध्ये पुस्तिका रद्द होऊन 'सिस्टेमबोलागेट' ही एकच सरकारी विक्रीसंस्था उभी राहिली. १९९५ मध्ये स्वीडन युरोपीय संघात गेल्यावर आयात व घाऊक विक्रीची मक्तेदारी गेली. किरकोळ विक्रीची मक्तेदारी मात्र १९९७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्राह्य धरली. ती लोकारोग्यासाठी असून परदेशी मालाशी दुजाभाव करीत नाही, हा त्यामागील विचार होता.

आता आपल्या देशाकडे वळू. राजाजींनी १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. त्याच तमिळनाडूत १९८३ मध्ये घाऊक विक्रीसाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि २००३ मध्ये किरकोळ दुकानेही त्याच्याकडे आली. खासगी मक्तेदार गेले. परंतु मद्याचे उत्पन्न हा राज्याच्या महसुलाचा मोठा आधार होऊन बसला. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यनिषेधाचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. कर्तव्य आणि गल्ला एकाच हाती आले की हात कोणीकडे झुकतो, हे सांगावयास नको.

म्हणून फलकावर सरकारचे नाव आहे एवढ्याने नागरिकाने निश्चिंत होऊ नये. खप घटला तर या दुकानाच्या धन्याला समाधान वाटेल की चिंता, हे त्याने विचारावे. उत्तर 'चिंता' असेल, तर धनी बदलूनही दुकान जुनेच राहिले आहे.