चवथीआधी थांबलेले ट्रक आणि म्हापशातली एक संस्था

२०१२ ची चवथ आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. गणपती १९ सप्टेंबरला होते. त्याच्या नऊ दिवस आधी, १० तारखेला, गोवा सरकारने राज्यातल्या खाणी बंद केल्याची बातमी आली. पावसाळ्यात ट्रक तसेही उभेच असायचे. चवथ आटोपली की टायर बदलायचे, ताडपत्री बघायची आणि गाडी रांगेला लावायची, ही आमच्या डिचोली-साखळी भागातली दरवर्षीची रीत. दादाने नवे टायर आणून ठेवले होते, ते गोठ्यात तसेच पडून राहिले. माटोळीखाली आरती म्हणताना प्रत्येकाच्या डोक्यात बँकेचा हप्ता होता. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही खाणकाम आणि खनिजाची वाहतूक थांबवली, तेव्हा कळलं की हे प्रकरण दिवाळीपर्यंत सुटणारं नाही.

'गोवा फाउंडेशन' हे नाव आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं गेलं. कोण हे लोक, एवढाच प्रश्न होता. पुढे बरीच वर्षं मी त्याचं उत्तर वाचत गेले, ते आज लिहिते.

संस्था सुरू झाली १९८६ साली, म्हापशात. क्लॉड आल्वारिस आणि त्यांच्या पत्नी ॲडव्होकेट नॉर्मा आल्वारिस ही त्यातली ठळक नावं. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळायला तेव्हा अजून एक वर्ष होतं. किनाऱ्यावर हॉटेलं वाढत होती, वाळूच्या टेकड्या सपाट होत होत्या. ही टेकडी म्हणजे समुद्र आणि वस्ती यांच्यामधला बांधच. लाटांचा मारा आणि वादळवारा आधी तीच सोसते. संस्थेची सुरुवातीची कोर्टकामं याच किनाऱ्यासाठी होती. १९ फेब्रुवारी १९९१ ला केंद्राची किनारी नियमन अधिसूचना आली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमाखाली आला. मग बांधकाम नियमात बसतं की नाही, हे टेप लावून मोजता येऊ लागलं.

१९९३ साली त्यांनी 'फिश करी अँड राइस' या नावाने गोव्याच्या पर्यावरणाचा नागरिकांचा अहवाल काढला. नाव शीतकडीचं, पण आत नद्या, खाणी, जंगल, कचरा, सगळ्याचा हिशेब. २००२ मध्ये नॉर्माबाईंना पद्मश्री मिळाली. एवढं होऊनही संस्था मोठी दिसत नव्हती. ती वाढली ती फायलींनी. कुठल्या तरी गावचा माणूस तक्रार घेऊन जायचा, सर्व्हे नंबर काढला जायचा, सरकारी कागद मागवले जायचे, आणि त्यातून खटला उभा राहायचा. गावकऱ्यांकडे डोळ्यांनी पाहिलेलं होतं, संस्थेकडे कागद वाचायची चिकाटी होती. एकाचं दुसऱ्यावाचून चालत नव्हतं.

आता खाणींकडे येते. पोर्तुगीज राजवटीत खाणींच्या कायमच्या सनदा दिल्या होत्या. १९८७ च्या कायद्याने त्यांचे मुदतीचे पट्टे केले. पुढे चीनची मागणी वाढली आणि पूर्वी टाकून दिलेल्या हलक्या मालालाही भाव आला. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त लोहखनिज बाहेर गेलं. आमच्या रस्त्यावर सकाळपासून ट्रकांची रांग. आई पाण्याची भांडी झाकून ठेवायची, तरी तळाला तांबडी माती बसायची. शिरगावला खाणीचे खड्डे भूजलाच्या खाली गेले आणि गावच्या विहिरी आटल्या. आमच्या कुळागराची झर मार्चमध्येच सुकू लागली. बाबा म्हणायचे, पाऊस कमी झाला. पाऊस कमी नव्हता झाला, हे त्यांनाही माहीत होतं. पण अंगणात ट्रक उभा होता.

२१ एप्रिल २०१४ ला गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यातली एक तारीख मी परत परत वाचली. या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली होती, त्यानंतरचं खाणकाम बेकायदा होतं. दादाने ट्रक घेतला २००९ मध्ये, कर्ज काढून. म्हणजे आमची गाडी पहिल्या खेपेपासून मुदत संपलेल्या खाणीचा माल ओढत होती. आम्ही जिथे रांगेत उभे असायचो, तिथे हे कोणीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, हे आज कबूल करायला हवं.

त्याच निकालाने तात्पुरती वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी. वकिली भाषेत ते अवघड वाटतं. आमच्या आजीला ते एका वाक्यात कळलं असतं. ती म्हणायची, नारळ खावेत, भाट विकू नये. जमिनीखालचं खनिज हे भाट आहे. आपण ते विकून त्यालाच मिळकत म्हणत होतो.

पुढे सरकारने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण केलं. संस्था परत कोर्टात गेली. ७ फेब्रुवारी २०१८ ला ती नूतनीकरणंही रद्द झाली आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. दादाने मिळेल त्या किमतीला ट्रक विकला. शेवटचा हप्ता आईच्या पाटल्या मोडून फेडला. हा हिशेब कुठल्याच निकालपत्रात सापडणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. संस्थेचं काम मला आज पटतं, आणि त्या पाटल्याही आठवतात.

संस्था अजून चालू आहे. म्हादई परिसरात व्याघ्र प्रकल्प जाहीर करा, असा आदेश उच्च न्यायालयाने २४ जुलै २०२३ ला दिला, तोही तिच्याच याचिकेवर. इकडे डिसेंबर २०२२ पासून खाणींचे लिलाव सुरू झालेत, डिचोली-मुळगावचा भाग त्यात पहिल्यांदाच होता. आमची झर पूर्वीसारखी झालेली नाही. एप्रिलपर्यंत टिकते, एवढंच.

गेल्या चवथीला घरी गेले तेव्हा दादा पडवीत चष्मा लावून बसला होता. समोर नव्या पट्ट्याचा नकाशा पसरलेला. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "आपल्या झरीचा सर्व्हे नंबर आत येतो की बाहेर, ते शोधतोय. या वेळी आधी वाचायचं."