बॉम्बर्सचा ढग : एका शाळेच्या चिन्हाची कुळकथा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी रिचलंड नावाचं शहर आहे. तिथल्या हायस्कूलच्या संघांना ‘बॉम्बर्स’ म्हणतात. शाळेचे रंग हिरवा आणि सोनेरी. बास्केटबॉलच्या हॉलमध्ये लाकडी फरशीच्या मधोमध इंग्रजी ‘आर’ हे अक्षर रंगवलेलं आहे आणि त्या अक्षरावर अणुस्फोटाचा, वर जाऊन फुगलेला ढग आहे. तोच ढग जॅकेटांवर आणि टी-शर्टांवरही दिसतो. ढगाचा आम्हाला अभिमान आहे, अशी घोषणा मुलं सामन्यांच्या वेळी मिरवतात. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस आणि फुटबॉलमधली नामवंत गोलरक्षक होप सोलो याच शाळेत शिकले.

या चिन्हावरून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये कित्येक दशकं वाद चालू आहे. वाद वरवर पाहता साधा आहे : हे ‘बॉम्बर’ नेमकं कुठलं? पण त्याचं उत्तर शोधताना एका शहराचा सगळा इतिहास उलगडावा लागतो.

1943 पर्यंत रिचलंड हे सुमारे 250 वस्तीचं शेतकरी गाव होतं. फळबागा होत्या, नदीचं पाणी होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराने अणुबॉम्ब बनवण्याच्या गुप्त मॅनहॅटन प्रकल्पासाठी हा परिसर निवडला. नदीचं थंड पाणी, ग्रँड कूली धरणाची वीज आणि विरळ वस्ती, हे सगळं एका ठिकाणी मिळत होतं. रिचलंड, हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स इथल्या कुटुंबांना थोडक्या मुदतीत घरदार सोडावं लागलं. पिढ्यानपिढ्या त्या काठावर मासेमारी करणाऱ्या वानापम लोकांचाही हक्काचा किनारा गेला. मग ड्यूपाँ कंपनीने वाळवंटात हॅनफर्ड प्रकल्पाचं बांधकाम सुरू केलं. कामगारांची संख्या 45 हजारांच्या घरात पोचली. धुळीची वादळं अशी उठत, की एकेका वादळानंतर कामगार रांगा लावून हिशेब मागत आणि घरची वाट धरत.

रिचलंडचं रूपांतर सरकारी वसाहतीत झालं. गुस्ताव आल्बिन पेअरसन या वास्तुविशारदाने घरांचे नमुने आखले आणि त्यांना ए, बी, एफ अशी अक्षरं दिली. आजही तिथली माणसं आपलं बालपण सांगताना घराचं अक्षर सांगतात. घर, भाडं, दुकान, शाळा, सगळं सरकारच्या हातात. कृष्णवर्णीय कामगारांना मात्र या वसाहतीत घर मिळत नसे. त्यांना पलीकडच्या पास्को गावाच्या पूर्व भागात राहावं लागे.

26 सप्टेंबर 1944 रोजी हॅनफर्डची ‘बी’ अणुभट्टी चालू झाली. ग्रॅफाइटच्या प्रचंड ठोकळ्यातून 2,004 नळ्या आरपार गेलेल्या, त्यांत युरेनियमच्या कांड्या आणि भोवतीने वाहणारं कोलंबियाचं पाणी. पहिलं इंधन भरताना एन्रिको फर्मी स्वतः हजर होता. युरेनियमचं प्लुटोनियम होत होतं, पण इथे काय तयार होतंय हे फार थोड्या जणांना माहीत होतं. बाकीच्यांना एवढंच ठाऊक, की हे युद्धाचं काम आहे आणि त्याबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही.

आता वादाचा पहिला धागा. 1944 च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या कामगारांनी ठरवलं, की प्रत्येकाने एका दिवसाचा पगार द्यायचा आणि त्या पैशांतून हवाई दलाला एक बॉम्बफेकी विमान घेऊन द्यायचं. हजारो माणसांनी पैसे दिले. बोईंगचं बी-17 विमान घेतलं गेलं, त्याच्या नाकाडावर ‘डेज पे’ हे नाव रंगवलं गेलं आणि जुलैमध्ये ते हॅनफर्डला आणून समारंभाने सुपूर्द करण्यात आलं. पुढे ते इंग्लंडमध्ये आठव्या हवाई दलात गेलं आणि जर्मनीवरच्या मोहिमांत उडालं. ‘बॉम्बर्स’ हे नाव या विमानावरून आलं, असं अनेक माजी विद्यार्थी ठामपणे सांगतात. कष्टकऱ्यांनी घामाच्या पैशांतून घेतलेलं विमान, हा त्यांच्या अभिमानाचा गाभा आहे. 1993 मध्ये शाळेच्या भिंतीवर ‘डेज पे’चं मोठं चित्रही काढण्यात आलं.

दुसरा धागा तारखांचा आहे. ही शाळा तेव्हा कोलंबिया हायस्कूल म्हणून ओळखली जाई आणि तिचे संघ ‘बीव्हर्स’ होते. बीव्हर म्हणजे नदीत लाकडांचे बांध घालणारा प्राणी. विमान आलं जुलै 1944 मध्ये, पण त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षात संघांचं नाव बदललं नाही. 6 ऑगस्ट 1945 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हिरोशिमाची घोषणा केली आणि त्या निवेदनात रिचलंडचं नाव घेतलं. आपण काय बनवत होतो हे बहुतेक रहिवाशांना त्या दिवशी कळलं. 9 ऑगस्टला नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं सुमारे 6 किलो प्लुटोनियम हॅनफर्डचं होतं. 14 ऑगस्टला युद्ध संपल्याची बातमी आली, तेव्हा ते आपल्याच बॉम्बमुळे संपलं, असा मथळा गावच्या ‘व्हिलेजर’ या वृत्तपत्राने छापला. सुट्टी संपून शाळा भरली आणि बीव्हर्सचे बॉम्बर्स झाले.

हा क्रम पाहिला की नावामागे ऑगस्ट 1945 चा हात नव्हता असं म्हणणं अवघड जातं. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी : त्या पोरांच्या मनात दोन्ही विमानं एकत्र असू शकतात. वडिलांनी पगार दिलेलं बी-17 आणि वडिलांनीच बनवलेला बॉम्ब नेणारं बी-29. युद्ध संपल्याच्या आनंदात कोणी या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या नसतील. नावाची कुळं दोन निघाली तर निघोत.

ढगाचं कूळ मात्र एकच आहे. बी-17 च्या बॉम्बमधून असा ढग उठत नाही. विमानावरून नाव पडलं असं मानलं, तरी चिन्हातल्या ढगाला ‘डेज पे’चं विमान पुरत नाही. हा ढग मागाहून आला, हळूहळू रुळला, आणि ‘आर’वर उठलेला ढग हे रूप तर शाळेला रिचलंड हायस्कूल हे नाव मिळाल्यानंतर, म्हणजे 1980 च्या दशकात स्थिरावलं. म्हणजे युद्धाच्या धामधुमीत काही न कळलेल्या मुलांनी तो निवडला, अशी सबब इथे चालत नाही. नागासाकीत काय झालं हे तोपर्यंत जगाला ठाऊक होतं.

मग असा ढग चिन्ह म्हणून शोभतो असं कुणाला का वाटावं? याचं उत्तर मला छायाचित्रांच्या इतिहासात सापडतं. नागासाकीच्या ढगाचं जे छायाचित्र जगभर गेलं, ते चार्ल्स लेव्ही या अमेरिकी अधिकाऱ्याने मोहिमेतल्या बी-29 मधून काढलं. त्यात खालून उसळलेला पांढरा खांब आहे, वर त्याचा गोळा आहे, आणि माणूस एकही नाही. दुसऱ्याच दिवशी, 10 ऑगस्टला, योसुके यामाहाता नावाचा जपानी छायाचित्रकार नागासाकीत उतरला आणि दिवसभरात त्याने शंभराहून अधिक छायाचित्रं काढली. जळालेल्या रस्त्यावर उभी असलेली माणसं, ट्रामगाडीचा सांगाडा, आणि एक लहान मुलगा : चेहऱ्यावर जखमा, डोळे सरळ कॅमेऱ्याकडे, हातात मदतपथकाने दिलेला भाताचा गोळा. पण अमेरिकी ताब्याच्या काळात जपानमध्ये प्रकाशनांवर कडक नियंत्रण होतं. यामाहाताची छायाचित्रं मोठ्या प्रमाणावर बाहेर आली ती 1952 मध्ये, ताबा उठल्यानंतर. मधल्या सात वर्षांत रिचलंडच्या मुलांनी पाहिला तो वरून दिसणारा ढग. भाताचा गोळा धरलेला तो मुलगा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

त्या ढगाखाली शाळाही होत्या. शिरोयामा प्राथमिक शाळा स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होती. तिची सुमारे 1,400 मुलं मरण पावली, त्यातली बहुतेक आपापल्या घरी. 1945 च्या अखेरीपर्यंत नागासाकीतल्या मृतांचा आकडा सुमारे 74 हजारांवर गेला.

रिचलंडच्या अभिमानाला मी हलकं लेखत नाही. या बॉम्बमुळे जपानवर चढाई करावी लागली नाही आणि आपले भाऊ जिवंत परतले, असं त्या पिढीने मनोमन मानलं. त्यांच्या मुलांसाठी हे चिन्ह म्हणजे आईवडिलांचं कष्टाचं, गुप्त आणि देशासाठी केलेलं काम. आईवडिलांना खुनी ठरवलं जातंय असं ऐकून कुठलंही मूल चवताळून उठेल. वादाचा कडवटपणा येतो तो इथून.

पण याच शाळेच्या काही मुलांना ढगाची दुसरी बाजू घरातच भेटली. डिसेंबर 1949 मध्ये हॅनफर्डमधून किरणोत्सारी आयोडीन मुद्दाम हवेत सोडण्यात आलं, हजारो क्युरी एवढं. सोव्हिएत कारखान्यांचा माग कसा काढायचा याची ती चाचणी होती. वाऱ्याने आयोडीन कुरणांवर नेलं, गाईंनी ते गवत खाल्लं, दूध मुलांच्या पोटात गेलं आणि आयोडीन त्यांच्या कंठग्रंथीत साठलं. रहिवाशांना हे कुणी सांगितलं नाही. 1986 मध्ये सरकारने सुमारे 19 हजार पानांची कागदपत्रं खुली केली, तेव्हा कुठे ही गोष्ट उघड झाली. ट्रिशा प्रिटिकिन ही याच शहरात जन्मलेली बाई. आजाराशी झगडत ती वकील झाली आणि वाऱ्याच्या दिशेला राहून किरणोत्सार सोसलेल्यांची बाजू तिने पुस्तकात मांडली. कवयित्री कॅथलीन फ्लेनिकेनही रिचलंडचीच. तिच्या ‘प्लूम’ या संग्रहाचा विषय हाच विश्वासघात आहे. हॅनफर्डच्या जमिनीखाली 177 टाक्यांत वीस कोटींहून अधिक लिटर किरणोत्सारी कचरा साठवला गेला आणि त्याची सफाई हाच आता त्या शहराचा मोठा रोजगार आहे.

शाळेने हा प्रश्न टाळलेला नाही. 1988 मध्ये मुलांनी मतदान केलं आणि ढग राखला. 2018 मध्ये नागासाकीच्या स्फोटातून लहानपणी वाचलेले मित्सुगी मोरिगुची रिचलंडला आले आणि हे चिन्ह पाहून व्यथित झाले. 2019 मध्ये जपानहून देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात आलेली एक मुलगी शाळेच्या चित्रवाणीवर बोलली. 9 ऑगस्टचं पहिलं लक्ष्य कोकुरा शहर होतं. तिथलं आकाश झाकोळलेलं असल्यामुळे विमान नागासाकीकडे वळलं. ही मुलगी कोकुराच्या भागातली होती. तिने चिन्ह बदलायची मागणी केली नाही. त्या ढगात साधी माणसं गेली, एवढं आपल्या वर्गमित्रांना ठाऊक असावं, हे तिचं म्हणणं. आयरीन लुस्टिग हिचा ‘रिचलंड’ हा 2023 चा माहितीपट या शहराची हीच द्विधा दाखवतो.

मॅनहॅटन प्रकल्पाची आणखी दोन शहरं होती. लॉस अलामॉसच्या शाळेचे संघ ‘हिलटॉपर्स’, म्हणजे डोंगरमाथ्यावरचे. ओक रिजचे ‘वाइल्डकॅट्स’. बॉम्बची रचना जिथे झाली आणि हिरोशिमाचं युरेनियम जिथे निघालं, तिथल्या मुलांना बॉम्ब मिरवायची गरज पडली नाही. त्यामुळे ती आपल्या शहराचा इतिहास विसरली असंही नाही. संग्रहालयं आहेत, अभ्यास आहे. 2015 पासून ही तिन्ही ठिकाणं मिळून एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं आहे आणि हॅनफर्डची बी अणुभट्टी त्याचा भाग आहे.

म्हणून मला वाटतं, रिचलंडच्या माजी विद्यार्थ्यांनी ‘बॉम्बर कुठलं’ हा वाद आता मिटवावा आणि ढगावर बोलावं. नाव ठेवायचं असेल तर ठेवावं. एका दिवसाचा पगार देणाऱ्या आईवडिलांना ‘डेज पे’चं भिंतीवरचं चित्र पुरेसा मान देतं. ढग मात्र फरशीवरून आणि जॅकेटांवरून उतरवून वर्गात न्यावा, यामाहाताच्या छायाचित्रांशेजारी टांगावा आणि दोन्ही एकत्र शिकवावीत. आईवडिलांच्या कामाचा सगळा हिशेब मुलांपुढे मांडणं ही त्यांची बदनामी नव्हे. त्या पिढीपासून तो हिशेब गुप्ततेच्या नावाखाली दडवला गेला. पुढच्या पिढीपासून तो चिन्हाच्या नावाखाली दडवू नये.