ठाण, पवित्रा आणि वुशू

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज इथल्या रानात कोंडली आणि सोबतच्या सरदारीण रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला. ही लढाई सांगताना ‘गनिमी कावा’ हे शब्द आपल्या तोंडी हटकून येतात. त्यातला गनीम अरबी, अर्थ शत्रू. कावा म्हणजे मुळात घोड्याला रिंगणात फिरवणे. डाव, कपट हे अर्थ त्याला मागाहून चिकटले. लढाईच्या शब्दांतला आपला इतका लाडका शब्द घोड्याच्या पायांतून निघाला आहे.

हे मनात ठेवून ‘वुशू’ या चिनी शब्दाकडे पाहावे. आपल्या शालेय क्रीडास्पर्धांत हा खेळ आता रुळला आहे. ‘वू’ म्हणजे युद्धाचे, ‘शू’ म्हणजे विद्या. मल्लविद्या, धनुर्विद्या यांच्या पंगतीला बसवावा असाच हा समास. ‘वू’चे चिनी अक्षर दोन चित्रांचे बनले आहे: एक परशूसारखे लांब दांड्याचे शस्त्र, दुसरे पाऊल. पावलाच्या त्याच चिन्हाला पुढे ‘थांबणे’ हाही अर्थ आला. इ.स.पूर्व ५९७ मध्ये पी येथील लढाई जिंकल्यावर शत्रूच्या प्रेतांचा ढीग रचून विजयस्मारक करावे, असे चू राज्याच्या च्वांग राजाला सुचवले गेले. त्याने ते नाकारले आणि या अक्षराचाच आधार घेतला: शस्त्र थांबवणे हाच ‘वू’. व्युत्पत्ती म्हणून अभ्यासकांना हे पटत नाही. शस्त्र घेऊन पाऊल पुढे टाकणे, हा अर्थ त्यांना मूळचा वाटतो, आणि तोच बरोबर असावा. पण विजयाच्या दिवशी राजाने केलेला तो चुकीचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो.

पाऊल पुढेही सुटत नाही. वुशूत दोन वाटा आहेत. ‘ताओलू’त १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद गालिच्यावर ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या, यातल्या ‘लू’चा अर्थच वाट. दुसरी ‘सांडा’, म्हणजे समोरासमोरची मोकळी झुंज. दोन्हींचा पाया पायांच्या बैठकीत. ‘माबू’ म्हणजे घोड्यावर मांड टाकल्यासारखे उभे राहणे, ‘कुंगबू’ म्हणजे पुढचा गुडघा वाकवून धनुष्यासारखे उभे राहणे.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, ठाण. तो संस्कृत ‘स्थान’पासून आला. धनुर्विद्येत तिरंदाजाच्या उभे राहण्याच्या तऱ्हांना स्थान म्हणत, आलीढ आणि प्रत्यालीढ ही त्यांतलीच. ‘पवित्रा’ तर आणखी रंजक. लाठी किंवा दांडपट्टा फिरवणाऱ्याचा हा शब्द हल्ली पुढाऱ्यांच्या बातम्यांत अडकला आहे. ‘पवित्र’शी त्याचे नाते केवळ कानाला वाटते. हिंदीतला ‘पैंतरा’ त्याचा भाऊ, आणि दोघांचे मूळ ‘पदान्तर’, म्हणजे पाऊल बदलणे, ही व्युत्पत्ती मला पटते. पवित्रा ‘घेतला’ की पाऊल हलले पाहिजे. नुसते निवेदन काढून पवित्रा होत नाही.

झुंजीच्या जागेची नावे मात्र दोन टोकांची. सांडा खेळतात ते ‘लेईताई’ म्हणजे उंच चौथरा, ८ मीटर लांब-रुंद. खेळाडू एका फेरीत दोनदा चौथऱ्याखाली गेला की ती फेरी हातची गेली. आपला कुस्तीचा हौदा जमिनीत खणलेला, तांबड्या मातीचा. तो अरबी ‘हौद’, पाण्याचे टाके, यावरून आला. हत्तीवरचा हौदा वेगळा, तो ‘हौदज’वरून.

लेईताईच्या चौथऱ्यावर भारतीय मुलींनी नाव काढले आहे. मणिपूरच्या संध्याराणी देवीने २०१० च्या ग्वांगचौ आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. मणिपूरच्याच रोशिबिना देवीने २०१८ मध्ये जकार्ताला कांस्य आणि २०२३ मध्ये हांगचौला रौप्य जिंकले. मणिपूर तेव्हा वांशिक हिंसाचारात होरपळत होते आणि तिने ते पदक तिथल्या लोकांना अर्पण केले. २०१७ मध्ये कझानच्या जागतिक स्पर्धेत हरियाणाच्या पूजा कादियानने सांडात सुवर्ण जिंकले, वुशूच्या जागतिक स्पर्धेतले भारताचे ते पहिले.

कर्जत-खालापूरच्या शाळांतून वुशू शिकवणाऱ्या वा शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. चिनी नावे शिकवाच, कारण सांडात पंचांचे हुकूम चिनी भाषेतच येतात. पण माबू करून घेताना मुलांना ‘ठाण मांड’ म्हणा, पाऊल बदलायला ‘पवित्रा बदल’ म्हणा. हे शब्द मूळचे याच कामाचे आहेत.