वरूड परिसरातील मोटार-देखभालीचा इतिहास : धक्काशोषकाच्या घरगुती बदलाच्या अनुषंगाने

प्रास्ताविक

दळणवळणाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे रस्ते, पूल, लोहमार्ग आणि वाहनांची संख्या यांनाच प्राधान्य मिळत आले आहे. अमरावती जिल्ह्याच्या गॅझेटिअरची १९११ ची आवृत्ती घ्या अथवा १९६८ ची, अभ्यासकाच्या हाती लागते ती प्रामुख्याने मार्गांची माहिती. वाहन एकदा दारात आल्यानंतर ते पुढील वीस वर्षे चालते कोणी ठेवले, कशाने ठेवले आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न इतिहासलेखनाच्या कक्षेबाहेर राहिले. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपेक्षा वापराच्या अंगाने पाहावा, असा आग्रह धरला आणि देखभाल-दुरुस्तीला त्यात महत्त्वाचे स्थान दिले. हा दृष्टिकोन वऱ्हाडातील तालुक्याच्या गावाला लावून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मोटारीचा एकच लहानसा भाग निवडला आहे. तो म्हणजे धक्काशोषक, कारागिरांच्या बोलीत ‘शॉकअप’.

हा भाग निवडण्यामागे कारण आहे. इंजिनाची दुरुस्ती मिस्त्रीच्या हातची. पंक्चर कोणीही काढतो. शॉकअप या दोहोंच्या मध्ये येतो. विशिष्ट काळात आणि विशिष्ट बनावटीच्या वाहनांत तो सामान्य मालकाला घरच्या अंगणात, मोजक्या पैशांत बदलता येत होता. ही मुभा त्याला कशामुळे मिळाली आणि पुढे ती का आकसली, याचा शोध घेणे आवश्यक आहे.

बंडी, पाटा आणि शॉकअप

वऱ्हाडातील बंडीला स्प्रिंग नव्हती आणि बैलाच्या चालीला तिची फारशी गरजही नव्हती. मोठ्या व्यासाचे चाक लहान खड्ड्यात पूर्ण उतरत नाही, हे त्यामागचे साधे भूमितीय कारण होय. दुरुस्ती गावातच होई. आरे आणि तुंबा वाढई पाही, लोखंडी धाव लोहार चढवी, आणि आखाला वंगण घालण्याचे काम घरधनी स्वतः करी. देखभालीचा काही वाटा मालकाच्या हाती आणि काही कारागिराच्या हाती, ही वाटणी मोटार येण्यापूर्वीच रुळलेली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

वेग वाढला तशी स्प्रिंग अपरिहार्य झाली. लंडनच्या ओबेडाया इलियट यांनी १८०४ साली लंबवर्तुळाकार पोलादी स्प्रिंगचे पेटंट घेतले. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान घोडागाडीतून पुढे मोटारीत आली. आपण तिला ‘पाटे’ म्हणतो. पाट्यांचा गुण असा की ते भार पेलतात आणि परस्परांतील घर्षणामुळे हेलकावेही काही अंशी थोपवतात. वेग आणखी वाढल्यावर मात्र हे घर्षण अपुरे पडू लागले. तेलाने भरलेल्या नळीत सच्छिद्र दट्ट्या सरकवून हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलणारे उपकरण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले, तेच हे शॉकअप. वास्तविक ‘धक्काशोषक’ हे नावच फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकअप केवळ तिचा झोका थांबवतो. इंग्रजी नावातील ही चूक आपल्या परिभाषाकारांनी निष्ठेने मराठीत आणली.

रस्त्यावर विसंबलेला तालुका

सातपुड्याच्या पायथ्याचा वरूड तालुका संत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. शेंदुरजना घाट येथील संत्र्याची बाजारपेठ आणि कलमांच्या रोपवाटिका सर्वपरिचित आहेत. बडनेरा-नरखेड हा लोहमार्ग एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू होईपर्यंत वरूडला रेल्वे नव्हती. म्हणजे संत्र्याच्या बागायतीच्या भरभराटीचा मोठा काळ केवळ रस्त्याच्या भरवशावर गेला. अमरावती आणि नागपूर ही दोन्ही मोठी शहरे सुमारे शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यातही खरी परीक्षा डांबरी रस्त्यावर होत नाही. बागेपासून डांबरापर्यंतच्या पांदणीत होते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीनंतर दगडासारख्या कडक होतात. आंबिया बहाराची फळे निघतात ती याच सुमारास. संत्र्याची साल सैल असते. दणके बसलेले फळ बाहेरून धडधाकट दिसले तरी लवकर उतरते. तेव्हा या भागात शॉकअपचा प्रश्न बसणाऱ्याच्या सुखापुरता नव्हता. तो मालाच्या भावाशी थेट जोडलेला होता.

रस्त्याच्या दुरवस्थेचा खर्च सार्वजनिक हिशेबात दिसत नाही, याकडेही येथे लक्ष वेधावेसे वाटते. न केलेल्या मुरुमीकरणाची किंमत वाहनमालक पाटे, बुश आणि शॉकअप यांच्या रूपाने हप्त्याहप्त्याने भरतो. हा एक अघोषित करच आहे. पांदण रस्त्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मातोश्रींच्या नावे स्वतंत्र योजना आणली. तत्पूर्वीच्या अनेक दशकांचा हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदलेला नाही.

घरगुती दुरुस्ती शक्य कशी झाली?

जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ साली मोटारींची जुळणी सुरू केली; परंतु जुळणीसाठी सुटे भाग परदेशातून येत. स्वातंत्र्यानंतर, १९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींमुळे निव्वळ जुळणी करणाऱ्यांना भारतात स्थान उरले नाही आणि देशी उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्या टिकल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सची (स्थापना १९४४) फियाट ११००, जी १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली, आणि महिंद्रची जीप ही त्या काळातील महाराष्ट्राच्या रस्त्यांवरील ठळक वाहने. आयातीवर कडक नियंत्रण असल्याने परदेशी शॉकअप मिळणे दुरापास्त होते. १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडियाची स्थापना झाली, आणि देशी बनावटीचा शॉकअप हळूहळू सुट्या भागांच्या दुकानात दिसू लागला. माझ्या मते घरगुती दुरुस्तीच्या इतिहासात नवे मॉडेल येण्याच्या वर्षांपेक्षा हे वर्ष अधिक महत्त्वाचे आहे. भाग दुकानात मिळत नसेल तर कौशल्य असून उपयोग नसतो.

दुसरी अनुकूलता बनावटीत होती. जीपच्या चारही चाकांशी आणि फियाटच्या मागील दोन चाकांशी पाटे होते, व शॉकअप त्यांच्यापासून सर्वस्वी वेगळा बसवलेला होता. गाडीचे वजन पाट्यांवर. शॉकअप काढला तरी गाडी खाली बसत नाही. वर एक, खाली एक अशा दोन जागा सोडवल्या की तो हातात येतो. त्यासाठी दोन-चार पाने, जॅक, हातोडी आणि गंजलेल्या आट्यांवर आदल्या रात्री सोडायला थोडे तेल एवढी सामग्री पुरेशी होती.

या कामातील ज्ञान मात्र क्षुल्लक समजू नये. कोपऱ्यावर भार देऊन सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेला, ही परीक्षा सर्वश्रुत आहे. परंतु गंजून जखडलेल्या पाट्यांचे घर्षणच झोका थांबवत असल्याने जीपमध्ये ती फसते. तेथे नळीवरील तेलाचे ओघळ आणि टायरवर जागोजागी पडलेले खोलगट चट्टे हे अधिक विश्वसनीय पुरावे. एकाच आखावरील दोन्ही शॉकअप एकदम बदलावे लागतात. एक नवा व एक जुना ठेवल्यास गाडी ब्रेक लावताना एका अंगाला ओढू शकते. काटकसर करायची तर आधी पुढचे दोन, पुढच्या बहारानंतर मागचे दोन, अशी करावी. डावा-उजवा अशी कधीही करू नये. नवा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा व ओढायचा, म्हणजे आडव्या पडलेल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते. रबरी बुशच्या जागचा शेवटचा आवळा गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच द्यायचा. अधांतरी आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीत बसते आणि लवकर फाटते. पुष्कळदा खडखड शॉकअपची नसतेच, या बुशची असते. तेव्हा काही रुपयांत काम भागते. हा भेद ओळखणे हीच सर्वांत मोठी बचत होय.

धोकाही होता. निव्वळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हे जिवावरचे काम आहे. घोडी नसेल तर आखाखाली सागाचा वा बाभळीचा रुंद ठोकळा देता येतो. वीट मात्र कदापि नाही, कारण ती सूचना न देता फुटते.

‘जुगाड’ या संज्ञेची मर्यादा

अलीकडे अशा सर्व व्यवहाराला ‘जुगाड’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द येथे लागू करणे मला अनैतिहासिक वाटते. योग्य भाग, योग्य क्रम आणि योग्य आवळा यांनी केलेली दुरुस्ती ही वेळ मारून नेणे नव्हे. ती कारखान्याच्या पद्धतीचीच दुरुस्ती आहे, केवळ जागा अंगण आहे. जुगाड म्हणायचेच तर ते जुना शॉकअप कापून, त्यात तेल भरून, पुन्हा झाळून देण्याच्या धंद्याला म्हणावे. नळी नवी दिसते, रंगही चमकतो. पण आतील झडप आणि दट्ट्या झिजलेलेच राहतात. दाबाखाली वायू भरलेल्या नळीला तर कापण्याच्या हेतूने हातही लावू नये. स्वस्त आणि काटकसरीचे यांतील फरक या एका उदाहरणात स्पष्ट होतो. झिजलेल्या शॉकअपमुळे चाक रस्त्यावरून उडते, आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लागत नाही.

१९८३ नंतर

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली. तिच्या पुढील चाकांना मॅकफर्सन स्ट्रट होता. अर्ल मॅकफर्सन यांनी विकसित केलेली आणि १९५० च्या सुमारास इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमध्ये वापरली गेलेली ही रचना. तीत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात गुंफलेले असतात, व चाक त्या खांबावरच तोललेले असते. जागा वाचते, वजन घटते, उत्पादन स्वस्त होते. परंतु शॉकअप काढायचा म्हणजे दाबलेली स्प्रिंग आधी शिकंजात घट्ट धरावी लागते. ती निसटली तर माणूस जायबंदी होतो. काम संपल्यावर चाकांचे अलाइनमेंटही तपासावे लागते. ज्याने अंगणात जीपचे शॉकअप बदलले, त्याचे ज्ञान या खांबापाशी अपुरे ठरले. मालक कमी हुशार झाला म्हणून हे घडले नाही. देखभालीचा मालकाकडील वाटा कारखान्याच्या आराखड्यानेच काढून घेतला, आणि तो काढताना खरेदीची किंमत उतरली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

तथापि ही प्रक्रिया पूर्ण झालेली नाही. वरूड-मोर्शी भागात संत्र्याचे क्रेट वाहणाऱ्या पिकअप गाड्यांना मागे अजून पाटेच आहेत, आणि त्यांच्याशेजारचा शॉकअप अजून वर-खाली दोन बोल्टांवरच बसलेला आहे. अशा गाडीचा मालक मागची जोडी घरी बदलतो आणि पुढच्या चाकांसाठी गॅरेज गाठतो.